किल्ल्याचं शेत

“त्याला सांग, चहा झालाय.”

नेस्टाबाई मला म्हणाल्या. ‘तो’ म्हणजे त्यांचे सख्खे थोरले भाऊ, वॉल्टर प्रॉसर. ते माझ्या समोरच खिडकीपाशी खुर्चीत बसले होते आणि त्यांचा उघडा पाय माझ्या मांडीवर होता. नेस्टाबाईंनी नुसता हात लांब केला असता तरी कप त्यांच्या हातात गेला असता.

“चहा झालाय म्हणतायत,” मी म्हणाले.

“तिला सांग, ठेव तिथं.”

“ठेवा म्हणतायत.”

कप ठेवला गेला. मी जखम पुसायला घेतली.

इंग्लंडच्या पश्चिमेला, वेल्सच्या हद्दीला लागून ॲशवर्डिन नावाचं खेडं आहे. तिथं मी घरोघरी फिरणारी सरकारी नर्स होते. जुनाट जखमांच्या पट्ट्या बदलायच्या, इंजेक्शनं द्यायची, बाळंतिणींना बघून यायचं. आमचं गाव जालन्याकडचं. नगरच्या मिशन दवाखान्यात मी शिकले आणि सदुसष्ट साली बोटीत बसले. प्रमिला उजागरे हे नाव त्या गावात कुणाच्या जिभेवर बसेना, तेव्हा सगळ्यांनी मला ‘नर्स’ करून टाकलं. इंग्रजीत ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळं नसतं. पण कोण आपल्याला कशी हाक मारतंय हे कानाला कळतंच. प्रॉसरांच्या घरात दोघंही मला ‘तू’ म्हणत होते, घरच्या पोरीला म्हणावं तसं.

त्या घरात मी पहिल्यांदा गेले तेव्हा मला वाटलं, आज सकाळीच काही भांडण झालं असेल, संध्याकाळी मिटेल. मग आठवडे गेले, महिने गेले. एका छपराखाली राहणारी, एका भांड्यातला रस्सा खाणारी ही दोन म्हातारी माणसं. दोघांचीही लग्नं झालेली नव्हती. बहीण भावाचे शर्ट इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर ठेवायची. भाऊ पाय धड होता तोवर बहिणीसाठी लाकडं फोडून दाराशी रचायचा. पण एकमेकांशी एक शब्द नाही. माझ्याआधी निरोप सांगायला पोस्टमन होता आणि त्याच्याआधी कुत्रा होता म्हणे. नेस्टाबाई कुत्र्याला सांगायच्या, “मोती, त्याला सांग, छप्पर गळतंय.” कुत्र्याचं नाव अर्थातच मोती नव्हतं. मी आपलं माझ्या सोयीनं ठेवलंय.

कारण काय, ते मला कळलं माझ्याच भोचकपणानं. वॉल्टरांच्या खिडकीतून एक मोठं सपाट कुरण दिसायचं. कुंपणाला एक मोडकं फाटक होतं आणि त्याच्यावर पुसट अक्षरांत लिहिलेलं होतं, ‘किल्ल्याचं शेत’. मी पट्टी गुंडाळता गुंडाळता विचारलं, “या शेतात किल्ला कुठंय हो?”

वॉल्टरांचा पाय माझ्या हातात ताठ झाला. स्वयंपाकघरातला नळ बंद झाला. आतून नेस्टाबाईंचा आवाज आला, “विचार, विचार त्याला!”

“तिला सांग,” वॉल्टर खिडकीकडे बघत म्हणाले, “मला त्याबद्दल कुणी काही विचारलेलंच नाही.”

मी पट्टी बांधून उठले. पण शेजारच्या शेतातला टॉम बेव्हन मला रस्त्यात भेटला तेव्हा त्याला मी धरलं. टॉम पन्नाशीचा, गालांवर लाल शिरा उठलेला, बोलायला मोकळा माणूस. त्यानं ट्रॅक्टर बंद केला आणि सगळं सांगितलं.

नऊशे वर्षांपूर्वी समुद्रापलीकडून नॉर्मन लोक या देशात आले, तेव्हा या सरहद्दीवर त्यांच्या एका सरदारानं किल्ला बांधला. दगडाचा नव्हे, मातीचा. भोवती गोल खंदक खणायचा, त्यातली माती मधोमध टाकत जायची. चांगली दोन-तीन पुरुष उंचीची टेकडी तयार झाली की तिच्या माथ्यावर लाकडी बुरूज उभा करायचा. खाली आणखी एक खंदक मारून घोडी, माणसं, धान्य ठेवायला अंगण करायचं. पुढं राजे भांडले, सरदार गेला, बुरूज कुजला. टेकडी तेवढी राहिली. तिच्यावर नऊशे वर्षं मेंढरं चरली, पोरं घसरगुंडी खेळली.

“आणि मग दुसऱ्या महायुद्धात,” टॉम म्हणाला, “सरकारी माणूस आला. देशाला खायला नाही, सगळी जमीन नांगराखाली घ्या. वॉल्टरनं टेकडी पाडली. नेस्टा तेव्हा कार्डिफला कारखान्यात बंदुकीच्या गोळ्या करत होती. ती सुट्टीवर आली तर टेकडी गायब.”

“म्हणून एवढं?”

“तेवढ्यानं नाही. त्याच वेळी पलीकडच्या माळावर विमानतळाचं काम चाललेलं. भराव घालायला माती पाहिजे होती. नेस्टा स्टेशनवरून चालत येत होती, तेव्हा या गल्लीतून मातीनं भरलेल्या लॉऱ्या निघाल्या होत्या. तिनं डोळ्यांनी बघितल्या. घरात शिरायच्या आधीच तिनं, लोक चर्चमधनं बाहेर पडत होते, त्या सगळ्यांसमोर वॉल्टरला विचारलं—” टॉम थांबला. “विचारलं कसलं, सांगितलंच. म्हणाली, तू आईला विकलंस.”

“आईला?”

“ते तिलाच विचार.”

मी विचारलं नाही. पण पुढं एकदा नेस्टाबाईंनी आपण होऊनच सांगितलं. त्या कोंबड्यांना दाणे टाकत होत्या, मी गाडीत बॅग ठेवत होते. आई वेल्सची, सरहद्दीपलीकडची. वीस वर्षांची असताना लग्न होऊन इकडं आली, ती पुन्हा एकदाही माहेरी गेली नाही. गाईंच्या धारा काढून झाल्या की ती रोज त्या टेकडीवर चढायची. प्रॉसरांच्या सगळ्या सखल रानात तेवढ्या एका जागेवरून तिच्या माहेरचे डोंगर दिसायचे, निळ्या रेघेसारखे. ती तिथं उभी राहून वेल्श भाषेत काहीबाही बोलायची. मुलांना ती भाषा येत नव्हती. शेवटच्या आजारात तिला चालवेना, तर वॉल्टरनं तिला पाठुंगळी घेऊन वर नेलं होतं.

“माझ्याकडनं वचन घेतलं होतं तिनं,” नेस्टाबाई म्हणाल्या, “की टेकडी राखीन. आणि त्यानं ती विमानतळवाल्यांना दिली. आता तिच्यावर काँक्रीट आहे.”

मी म्हणाले, “आमच्या गावातही असलीच एक गढी होती. पांढऱ्या मातीची.”

“तिचं काय झालं?”

“पडली. मग लोकांनी पाट्या भरभरून माती नेली. आमच्याकडं धाब्याची घरं असतात, वर ती माती पसरतात. पाणी गळत नाही. गढी उभी होती तेव्हा आमच्या आळीतल्या माणसांना तिच्यावर पाय ठेवायची मुभा नव्हती. पडल्यावर मात्र आमच्याही छपरावर ती आली.”

नेस्टाबाई दाणे टाकायच्या थांबल्या. “म्हणजे तुमच्या गावची गढी सगळ्यांच्या डोक्यावर आहे,” त्या म्हणाल्या. “हे बरं झालं.”

आतल्या खिडकीतून वॉल्टर ऐकत असावेत. पुढच्या खेपेला ते मला म्हणाले, “तो शब्द काय म्हणालीस? गॅडी?”

“गढी.”

“गढी,” त्यांनी दोन-तीनदा घोळवून पाहिला. “आमची गढी बांधायला पाट्या कुणी वाहिल्या असतील, माहीत आहे? प्रॉसरांनीच. सरदार काही हातात फावडं धरत नाही.” आणि ते हसले. त्यांना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं.

मग शहात्तरचा उन्हाळा आला.

त्या देशात पाऊस नाही असं कधी होत नाही. त्या वर्षी झालं. आकाश महिनोन्महिने निळं. गवत तपकिरी पडलं, ओढे आटले, रस्त्यांवरचं डांबर चपलांना चिकटायला लागलं. लोक आंघोळीचं पाणी बादलीनं गुलाबांना घालत होते. “तुला तर घरच्यासारखं वाटत असेल,” मला जो तो म्हणायचा. मी हो म्हणायचे. खरं तर मला ते सोसत नव्हतं. बहात्तरच्या दुष्काळात माझी आई खडी फोडायला जात होती आणि मी इथं हिरव्या गवतात फिरत होते. त्याच वर्षाच्या शेवटी ती गेली. मला जाता आलं नव्हतं. ते तपकिरी गवत बघितलं की मला आई खडी फोडताना दिसायची, आणि हे सांगायला माझ्या भाषेतलं माणूस जवळ नव्हतं.

जुलैच्या अखेरीस एका संध्याकाळी मी वरच्या डोंगरावरच्या वाडीतल्या बाळंतिणीला बघून परत येत होते. चढउतारानं गाडी तापली. बॉनेटमधून वाफ निघायला लागली, तेव्हा वळणावर गाडी लावून मी खाली उतरले. इंजिन निवेपर्यंत करायचं काय, म्हणून कठड्याशी उभी राहिले आणि सहज खाली बघितलं.

खाली प्रॉसरांचं शेत. सगळं भाजलेल्या पापडासारखं. आणि त्या पापडावर, कुणी कंपास धरून आखावं तसं, एक जाड हिरवंगार वर्तुळ. त्याला चिकटून दुसरा एक हिरवा वळसा, घेवड्याच्या दाण्यासारखा. मध्ये कुठं खंड नाही, फक्त ओढ्याच्या अंगाला एक फट.

मी आमच्या गावात बुजलेल्या विहिरी बघितल्या होत्या. एकदा खणलेली आणि परत भरलेली जागा खोलवर ओल धरून ठेवते. आजूबाजूचं सगळं जळून गेलं तरी तिथं गवत हिरवं राहतं. म्हणजे तो खंदक होता. जमिनीवर उभं राहून काही दिसत नव्हतं, पण वरून आख्खा किल्ला दिसत होता. एखाद्या माणसानं झोपेत अंगावरची चादर सारावी, तसं त्या शेतानं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी पट्टी बदलताना मी वॉल्टरांना सांगितलं. ते खिडकीबाहेर कुरणाकडं बघत राहिले. मग अगदी हळू म्हणाले, “गोल पुरा आहे?”

“पुरा आहे.”

“कुठं तुटलाय?”

“ओढ्याच्या बाजूला. थोडासाच.”

“तिथं रस्ता होता आत जायचा.” त्यांनी डोळे मिटले. “रुंद आहे का? हिरवा पट्टा? का बारीक रेघ?”

“चांगला रुंद आहे. आणि गच्च हिरवा.”

त्यांनी खुर्चीचे हात धरले आणि पुढं झुकले. “मला वर ने.”

“कसं शक्य आहे? डॉक्टरांनी तुम्हाला जिन्यावर चढायलासुद्धा बंदी केलीय. तुमचं हृदय—”

“माझं हृदय माझ्याकडं आहे, डॉक्टरकडं नाही. पाऊस पडला की हे जाईल. आणि असा उन्हाळा माझ्या हयातीत परत येणार नाही. मला ने. आणि मी एकटा जाणार नाही. तिलाही यायला पाहिजे.” मग आवाज चढवून, “तिला सांग!”

मी दारात जाऊन उभी राहिले. नेस्टाबाई टेबलाशी बटाटे सोलत होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं, तरी मी निरोप सांगितला. तशी रीत होती.

“त्याला विचार, मी तिथं जाऊन काय बघायचं?” त्या म्हणाल्या. “विकलेल्या मालाची खूण?”

मी वॉल्टरांकडं वळले. त्यांचा चेहरा पांढरा झाला होता. “तिला सांग,” ते म्हणाले, “यावं. बघावं. मग वाटलं तर पुन्हा तेच म्हणावं.”

सुरी थांबली. मी दोघांच्या मधे, उंबऱ्यावर उभी. मला वाटत होतं, हा निरोप मी पोचवायलाच नको होता. वॉल्टरांना डोंगरावर नेणं म्हणजे सरळसरळ डॉक्टरांच्या आज्ञेविरुद्ध. वाटेत काही झालं तर नोकरी तर जाईलच, वर परदेशातनं आलेली नर्स म्हणून जे ऐकावं लागेल ते वेगळं. मी हे सगळं मनात म्हणत होते, तेवढ्यात नेस्टाबाईंनी बटाटा पाण्यात टाकला आणि म्हणाल्या, “त्याला सांग, टॉमच्या ट्रेलरवर खुर्ची बांधली आणि खाली गवताचे भारे टाकले तर हादरे बसणार नाहीत.”

दुसऱ्या दिवशी, उन्हं उतरल्यावर आम्ही निघालो. टॉमनं खुर्ची दोरांनी आवळली होती. वॉल्टरांनी चर्चला जायचा काळा कोट घातला होता, टाय बांधला होता, टोपी घातली होती. एवढ्या उकाड्यात कोट कशाला, असं मी म्हटलं, तर त्यांनी माझ्याकडं नुसतं बघितलं. नेस्टाबाई ट्रेलरच्या दुसऱ्या टोकाला, त्यांच्याकडं पाठ करून बसल्या. मी मधे, वॉल्टरांचं मनगट धरून. नाडी अडखळत चालली होती. टॉम बैलगाडी हाकावी इतक्या संथपणे ट्रॅक्टर हाकत होता, तरी एका खड्ड्यात ट्रेलर आदळला आणि वॉल्टरांच्या तोंडून हुंकार निघाला. नेस्टाबाईंची पाठ दचकली, पण त्या वळल्या नाहीत.

“थांबू या का?” मी विचारलं.

“थांबलीस तर उतरून चालत जाईन,” वॉल्टर म्हणाले.

वळणावर पोचलो. टॉमनं ट्रेलर आडवा लावला, म्हणजे खुर्चीतून खाली दिसेल. कलत्या उन्हात वर्तुळ मी पहिल्यांदा पाहिलं त्यापेक्षा ठळक उठलं होतं. टॉम टोपी काढून म्हणाला, “अरे देवा!”

नेस्टाबाई उतरल्या. कठड्यावर दोन्ही हात ठेवून उभ्या राहिल्या. त्यांचे ओठ हलत होते. त्या शेतावर बोट फिरवल्यासारखी नजर फिरवत होत्या. मोठा गोल, मग घेवड्याचा दाणा, मग परत मोठा गोल. मग त्यांनी मागं न बघता मला म्हटलं, “त्याला विचार, ते हिरवं का आहे?”

“वॉल्टर, त्या—”

“ऐकलं मी.” ते माझ्याकडं बघत बोलायला लागले. मलाच सांगतायत असं. “नर्स, खंदक होता तिथं. सुका. दोन माणसं उभी बुडतील एवढा. मला सरकारी माणूस म्हणाला, हे सगळं सपाट करून नांगर, नाहीतर शेत दुसऱ्याला देऊ. आम्ही कुळं होतो, मालक नव्हतो. मी म्हटलं, करतो. त्यानं विचारलं, मातीचं काय करणार? विमानतळवाले घेतील. मी म्हटलं, नाही. मी मशीन भाड्यानं आणलं आणि स्वतः चालवलं. कुणाला हात लावू दिला नाही. टेकडीची माती ढकलली आणि खंदकात घातली. ज्या खड्ड्यातनं ती निघाली होती, त्याच खड्ड्यात. एक घमेलंभर माती या शेताच्या बाहेर गेली नाही.”

नेस्टाबाई वळल्या. त्या माझ्याकडं नव्हत्या बघत.

“आई जिथं उभी राहायची,” वॉल्टर म्हणाले, अजून माझ्याकडंच बघत, “ती माथ्यावरची माती सगळ्यात आधी खाली गेली. म्हणजे ती सगळ्यात खोल आहे. नांगर तिथवर पोचत नाही. मी बघितलं होतं मोजून, पोचत नाही.”

“वॉल्टर,” नेस्टाबाई म्हणाल्या.

त्या हाकेनं टॉमसुद्धा दचकला. मी वॉल्टरांचं मनगट सोडलं. का सोडलं, माहीत नाही. मधे माझा हात नको असं वाटलं.

“त्या लॉऱ्या?” त्या म्हणाल्या.

“खालच्या मळ्यातल्या. नदीकाठची रेतीमाती. आपल्या गल्लीतनं रस्ता जवळचा, म्हणून जात होत्या.”

“तू मला सांगितलं का नाहीस?”

“तू विचारलं नाहीस.”

“चौतीस वर्षं, वॉल्टर!”

“तू विचारलं नाहीस, नेस्टा. तू चर्चच्या दारात येऊन म्हणालीस, विकलंस. माझी बहीण. माझ्याबद्दल. मी म्हटलं, हिला असं वाटूच कसं शकतं? मग म्हटलं, वाटू दे. उद्या विचारील. मग वाटलं, नाताळला विचारील.” त्यांचा श्वास फुलला. “मग लाज वाटायला लागली. एवढी वर्षं गप्प बसून आता कसं बोलायचं?”

नेस्टाबाई ट्रेलरजवळ आल्या. मला वाटलं, त्या रडतील किंवा भावाचा हात धरतील. त्यांनी त्यातलं काही केलं नाही. त्यांनी वॉल्टरांच्या टोपीवरचा गवताचा तुकडा झटकला आणि म्हणाल्या, “मूर्ख आहेस तू. पहिल्यापासून आहेस. आणि हा कोट कशाला घातलास एवढ्या उन्हात?”

“आईला भेटायला आलोय,” वॉल्टर म्हणाले.

सूर्य डोंगराआड गेला, पश्चिमेकडं वेल्सचे डोंगर निळे झाले. खालचं वर्तुळ हळूहळू मावळलं. उतरताना नेस्टाबाई खुर्चीच्या शेजारी, भाऱ्यावर बसल्या. मी पुढं टॉमजवळ जाऊन बसले. मागं काय बोलणं चाललं होतं ते ट्रॅक्टरच्या आवाजात ऐकू आलं नाही. ऐकू येऊ नये म्हणूनच मी पुढं बसले होते.

डॉक्टरांना कळायचं ते कळलंच. खेड्यात काय लपतं? मला बोलावणं आलं, वरिष्ठ बाईंनी उभं करून झाडलं, माझ्या नावावर ताकीद लागली. मी मान खाली घालून ऐकलं. नोकरी राहिली. पण आजही मला कुणी विचारलं की परदेशात तू काय केलंस, तर मला ती ताकीदच आठवते.

ऑगस्ट सरता सरता पाऊस आला. आठवड्याभरात सगळं शेत एकसारखं हिरवं झालं आणि वर्तुळ त्यात बुडून गेलं. मी डोंगरावरच्या वळणावर गाडी थांबवून पुन्हा पुन्हा बघितलं. काही दिसलं नाही.

त्या घरात मात्र आवाज वाढला. मी दारात पोचायच्या आधीच दोघांचं भांडण ऐकू यायचं. तांबड्या गाईचं नाव काय होतं, विहिरीत पडलं होतं ते कोकरू की बकरी, आईनं थप्पड कुणाला मारली होती आणि का. नेस्टाबाई ओरडायच्या, “नाही, नाही, नाही! तू नव्हतासच तिथं!” आणि वॉल्टर तितक्याच जोरानं, “मी नव्हतो तर तुला झाडावरनं उतरवलं कुणी?” मला कुणी निरोप सांगायला सांगेना. मी पट्टी बदलायचे, चहा प्यायचे, दोघं एकमेकांच्या तोंडचं वाक्य ओढून घेत बोलत असायची. कधी कधी मी पायऱ्यांवर बॅग धरून तशीच उभी राहायचे, आत जायचे नाही. आमच्या घरी माझी आई आणि मावशी अशाच बोलायच्या. इतक्या वर्षांत मला त्या आवाजाची भूक लागली होती, हे तिथं उभं राहिल्यावर कळलं.

ऑक्टोबरच्या सुरुवातीला वॉल्टर गेले. दुपारी, खुर्चीत बसल्या बसल्या, बोलता बोलता. डोंगरावर नेल्यामुळं नव्हे, डॉक्टरांनी स्वतः मला तसं सांगितलं. ती त्यांच्या मोठेपणाची गोष्ट.

दफन झाल्यावर चार-पाच दिवसांनी मी नेस्टाबाईंकडं गेले. आता त्या घरात माझं काही काम उरलं नव्हतं. पण गाडी आपसूक त्या गल्लीत वळली. त्या खिडकीपाशी, वॉल्टरांच्या खुर्चीच्या समोर बसल्या होत्या. चुलीवर किटली होती. माझ्याकडं बघून त्या म्हणाल्या, “चौतीस वर्षांचं बोलायचं साठलं होतं, नर्स. आम्ही अगदी पहिल्यापासून सुरुवात केली होती, सगळं क्रमानं. पण त्याला प्रत्येक गोष्टीत वाद घालायचा असायचा. त्यामुळं आम्ही जेमतेम आमच्या शाळेपर्यंत पोचलो.”

मी उभीच होते.

त्यांनी वॉल्टरांची खुर्ची पायानं माझ्याकडं सरकवली.

“बस,” त्या म्हणाल्या. “पुढचं तुला सांगते.”

मी बॅग खाली ठेवली आणि बसले.